डोमाचं निजलेलं काळीज

झप्प!

आणि मागोमाग पाण्यावर शिशाच्या मण्यांची सरसर.

साठ वर्षं होऊन गेली, पण जाळं पडल्याचा तो आवाज कानातून जात नाही.

ते जाळं टाकणारा डोमा आज पहाटे गेला. तापाचं निमित्त झालं.

सिंदेवाहीकडचं आमचं गाव. शाळा तलावाच्या पाळीला लागून. डोमा चौथीपर्यंत माझ्याच बाकावर. मग बापानं त्याच्या हाती जाळं दिलं.

मी आत कविता म्हणायचो, तो बाहेर कमरेइतक्या पाण्यात.
आमची ओळ संपली की नेमकं झप्प! सारा वर्ग हसायचा.

गुरुजी म्हणायचे, "पोट्टेहो, हासून काय राह्यले? ओळीत कुठी थांबावं, ते त्याच्यापासून शिका."

चार वर्षांपूर्वी डोमाच्या छातीत दुखलं. नागपूरला अँजिओप्लास्टी झाली. बंद नस उघडली, स्टेंट बसला.

गावाला वाटलं, झालं, गडी बरा झाला. मलाही तसंच वाटलं.

पंधरवड्यात हा पठ्ठ्या तलावात उतरला. गुडघाभर पाण्यातच धाप लागली. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, हात धरून पाळीवर आणलं.

मग डोमा छपरीत बसला तो बसलाच.

मी भेटायला गेलो तर जाळं विकायला काढलेलं.

"काऊन गा?"

"डॉक्टरनं नस खोलली, पन आतलं मेलं ना वासू! आता पान्याबाहेर मी काय करू? भजे तळू?"

आतून शेवंताबाई, "ते बी जमनार नाई. भजे जाळता तुमी!"

हसलो आम्ही. पण त्याचे डोळे तलावाकडेच होते.

मी त्याला माझ्याकडे चंद्रपूरला आणलं. इको केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नस उघडी आहे. पण बरेच दिवस रक्त कमी पडलं, म्हणून हृदयाच्या स्नायूचा हा भाग सुस्तावलाय. मेलेला नाही. जागा व्हायला काही महिने लागतील. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

मी रंगात आलो. "म्हणजे शिशिरातलं झाड रे डोमा! वरून वठलेलं, आत पालवी..."

"तुया कविता ठेव बाजूले. बाई, बोडी आटली का मांगूर मासा चिखलात दबून रायते. मेला वाटते. पानी आलं का हालते. तसं काय?"

बाई हसल्या. "तसंच. फक्त पाणी आल्या दिवशीच त्याला पळवू नका."

जाळं विकलं नाही.
गोळ्या, अळणी भाजी, पाळीवरून रोज थोडं चालणं.
फोन केला की म्हणायचा, "अजून चिखलातच आहो गा."

पुढे पुढे मीच विचारेनासा झालो. भीती वाटायची.

दिवाळी उलटली. एका दुपारी बेल वाजली. आमचं घर तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. पोस्टमनसुद्धा खालूनच हाक मारतो.

दार उघडलं.

डोमा. एकटा. कपाळावर घाम, पण धाप नाही.

"अरे, कोनं आनलं तुले?"

"कोन आनन? पाय नाईत का मले? डॉक्टरबाईकडून येऊन राह्यलो. म्हनते, उतर पान्यात, पन संगं कोनी ठेव. शेवंताले माहं खरं वाटनार नाई. तू लाव फोन."

मग मरेपर्यंत तो पाण्यातच होता.

निघालास, गड्या. वासूचा शेवटचा रामराम घे.