जान्हवीचा पत्ता

आमच्या ताम्हिणीतल्या हैबतरावचा ढाबा चांगला चालतो, पण जीभ त्याच्या ताब्यात नाही. असती तर लेक गेली नसती. जान्हवीने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा हा भर गिऱ्हाइकांत ओरडला, "पुन्यांदा हितं पाऊल टाकू नगंस!" तीही बापाचीच. लॅपटॉप उचलला आणि गेली. फोन कर म्हटलं की हा तोंड फिरवतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मागे राहिलं तिने कॉलेजसाठी मळ्यात बसवलेलं पाऊस मोजायचं यंत्र. ते आकडे पाठवायचं ढाब्याच्या वायफायमधल्या तिच्या लॅपटॉपच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता बदलायचा तर पासवर्ड तिच्याजवळ. इंटरनेटवाल्या शेखरने तोड काढली. लिनक्स या कम्प्युटरच्या प्रणालीत एका मशीनला दोन पत्ते देता येतात. गल्ल्यावरच्या कम्प्युटरवर एक ओळ टाइप करून तिचाही पत्ता त्यालाच दिला. आकडे येऊ लागले. हैबतराव ते लेकीचं पत्र आल्यासारखे वाचायचा.

वीज गेली की ती ओळ पुसली जायची, आणि आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. वीज आली की हैबतराव आधी पिंग करून त्या पत्त्याला हाक मारायचा. लॅपटॉप ढाब्याच्या वायफायमध्ये आला असेल, तरच उत्तर येणार. नाही आलं की मग ओळ टाइप करायचा.

"मामा, फायलीत लिवून टाकू. कायमचं ऱ्हाईल," शेखर म्हणाला.

"नगं. एका पत्त्यावर दोगं आलं की भांडण हुतंय म्हनालास न्हवं? पोर आली तर तिला जागा नगं व्हय?"

शेखरला म्हाताऱ्याची कीव आली. त्याने गुपचूप ती ओळ फायलीत लिहून ठेवली.

पुढच्या वेळी वीज गेली, आली, आणि हाकेला उत्तर आलं.

"लीला, पोर आली!" बायकोला ओरडून सांगत हैबतराव अनवाणी पावसात धावला. एसटीत डोकावला, उभ्या गाड्यांच्या काचा पुसून आत बघत सुटला. लीलाबाईने जान्हवीचं ताट धुऊन मांडलं. आम्हीही वेड्यासारखे रस्त्याकडे बघत राहिलो.

शेवटी शेखरच आला. मान खाली घालून म्हणाला, "मामा, त्ये तुमचंच मशीन बोलतंय. म्याच ती वळ फायलीत लिवली हुती."

आम्हाला वाटलं, आता शिव्या पडणार. हैबतराव ओल्या अंगाने खाली बसला आणि आमच्या देखत रडला. मग म्हणाला, "पुसून टाक, बाबा. तिची जागा मोकळी कर."

अजूनही वीज आली की तो आधी हाक मारतो. तेवढा वेळ आम्ही कोणी चहा मागत नाही.