डोंगरमाथ्यावर अनवाणी

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर अबुधाबीला आल्या होत्या. साताऱ्याकडच्या; सगळी हयात डोंगराच्या पायथ्याशी गेलेली. "अगं, नजर अडायला काहीच कसं नाही इथं?" असं बाल्कनीतून रोज विचारायच्या. परत जायला चार दिवस उरले तेव्हा म्हणाल्या, एका तरी डोंगराच्या माथ्यावर डोकं टेकवून जाईन. त्यांचे गुडघे बघता त्या पुन्हा येणार नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

म्हणून शुक्रवारी जबल हफीत. सपाट वाळूतून दोन तास गाडी, मग एकदम उभा डोंगर. आमच्या भागात याहून उंच काही नाही, असं सगळे सांगायचे. रस्ता थेट वरच्या पार्किंगपर्यंत जातो.

गाडीचं दार उघडलं आणि भपकारा आला. चोखलेली हाडं, बिर्याणीचे डबे, बाळांचे डायपर. कागदी प्लेटांवर पुरीभाजी वाळून चिकटली होती. ती कोणत्या देशाच्या मंडळींची, हे वेगळं सांगायला नको.

माथ्यावर चप्पल घालून जायचं नाही, ही सासूबाईंकडची रीत. मी "आई, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि चौथ्या पावलाला उजवा पाय उघड्या डायपरमध्ये गेला.

त्या नुसत्या पायाकडे बघत राहिल्या.

त्यांना कठड्यावर बसवलं. नवऱ्यानं पाणी ओतलं, मी बोटांच्या बेचक्या चोळून धुतल्या. बाटली रिकामी झाली आणि यांनी ती सरळ कठड्यापलीकडे भिरकावली.

"अहो!"

"अगं, एवढ्या कचऱ्यात एक बाटली काय? उचलतील म्युनिसिपालिटीवाले, इन्शाल्ला."

"तुमचं इन्शाल्ला ऑफिसात ठेवा."

सासूबाई लेकाला एवढंच म्हणाल्या, "उतर. घेऊन ये."

चाळिशीतला इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, नाक दाबून खाली उतरला. तोवर मी हाताला पिशव्या बांधून हातभर जागा मोकळी केली. खालचा दगडही तेलकट, काळा.

हे बाटली घेऊन वर आले. "झालं, आई. टेकव आता डोकं."

सासूबाईंनी चपला घातल्या.

"कशावर टेकवू?" म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.