बिननावाचे पंखे

आमच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात पंख्यांनासुद्धा नावं आहेत. पात्यांवर लाल रंगात लिहिलेलं असतं, कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कुणाच्या मातोश्रींच्या. पंखा फिरतो तोवर काही वाचता येत नाही. वीज गेली की रुग्ण घाम पुसत पुसत कुणाचे वडील कधी वारले ते वाचत बसतात. बाकड्यांवर नावं आहेत, पाण्याच्या टाकीवर आहेत, एका स्ट्रेचरवरही मी पाहिलंय. सोलापूरकरांचा हात सढळ आहे, फक्त दिलेलं दिसलं पाहिजे. मला त्यात काही गैर वाटत नाही. सगळी नोकरी बँकेत गेली, माणूस कशाने खुलतो ते चांगलं कळतं.

मानसोपचार विभागातले पंखे मात्र कोरे होते. निवृत्तीनंतर तिथल्या विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंनी मला निधी समितीची अध्यक्ष व्हायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्या वॉर्डात गेले आणि आधी वरच बघितलं.

"इथे कुणी देत नाही का?" मी विचारलं.

"नाव लावायला कुणी तयार होत नाही, ताई. आणि नाव लावायचं नसेल तर लोकांना देण्यात रस राहत नाही."

त्यांना यंत्र नको होतं, एसी नको होता. एक खोली हवी होती. बायकांच्या वॉर्डात भरती झालेल्या बाईसोबत घरची एक बाई राहावी लागते. ती राहणार कुठे, तर व्हरांड्यात. स्वयंपाक करणार कुठे, तर आवारात तीन विटा मांडून, वॉचमन हाकलेपर्यंत. गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात आणि सोबतची बाई दोन-तीन दिवसांतच मेटाकुटीला येते. मग घरचे लोक सही करून पेशंटला घेऊन जातात. आजार तसाच राहतो, गावी जाऊन वाढतो. डॉक्टरीणबाईंना हे बघून बघून वीट आला होता. सोबतच्या बायकांसाठी झोपायची खोली, न्हाणीघर आणि दोन शेगड्यांचा ओटा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी कंबर कसली. मार्केट यार्डात गेले, एमआयडीसीत गेले, टॉवेलच्या कारखानदारांकडे गेले. सगळीकडे चहा मिळाला. "डायलिसिसला देतो की म्याडम, आत्ता देतो. पण तिकडं नको," असं कितीजणांनी सांगितलं. का नको, ते कुणी बोलायचं नाही. सांगायची गरजही नव्हती. वेड्यांच्या वॉर्डावर अमक्याचं नाव म्हटल्यावर त्याच्या घरात कोण वेडं आहे हे शोधायला आमच्या लोकांना वेळ लागत नाही, आणि घरात लग्नाची मुलं असतात. मी म्हटलं, मग गुप्तदान करा. त्यावर एक कारखानदार हसून म्हणाले, "गुप्तदान देवळात, म्याडम. तितं देव बगतो. तुमच्याकडं कोन बगनार?" मी चहा तसाच ठेवून उठले.

मग एक दिवस उजनीकाठचे एक केळीबागायतदार आपणहून आले. पांढरी टोपी, स्वच्छ कपडे, बाहेर उभी जीप. मी त्यांना पहिल्या भेटीपासून आण्णाच म्हणू लागले. सोबत त्यांची बायको होती, त्यांना मी वहिनी म्हणायचे. बसल्याबरोबर आण्णा म्हणाले, "आमच्या घरात तसलं कुनी न्हाय बरं का, म्याडम." मी काही विचारलंच नव्हतं.

खोलीचा सगळा खर्च ते उचलणार होते. अट एकच, नाव कुठेही येता कामा नये. धाकट्या मुलीची सोयरीक माढ्याकडच्या एका घराशी जुळत आली होती. "मानसं चांगली हायत, पन मानसाच्या मनाचं काय सांगावं," ते म्हणाले. मी शब्द दिला. पाटीवर फक्त गुप्तदान एवढंच लिहू, असं ठरलं. निघताना वहिनींनी विचारलं, "वाकळा वाळत घालायला दोरी असंल का तितं? लई वल्या हुत्यात वाकळा." मी असेल म्हणाले. मोठ्या घरच्या बाईला गोधड्या वाळत घालायचं कसं सुचलं, असं तेव्हा वाटलं आणि मी विसरूनही गेले.

आता आमच्या गुरुजींबद्दल सांगायला हवं. समितीत ते खजिनदार. निवृत्त मुख्याध्यापक, सरळ मनाचे, पण सत्कार म्हटला की त्यांच्या अंगात येतं. शाल, श्रीफळ, फेटा आणि फ्लेक्स याशिवाय दान पूर्ण होतं यावर त्यांचा विश्वासच नाही. नाव नको, ही अट मी त्यांनाही सांगितली होती. त्यांनी तिचा अर्थ असा लावला की पाटीवर नाव नको. फ्लेक्स म्हणजे काही पाटी नव्हे, तो चार दिवसांत उतरतो.

माझ्यासाठी तो आनंदाचा धक्का असणार होता. सकाळी रिक्षातून उतरले तर रुग्णालयाच्या फाटकावर आण्णा हात जोडून उभे, माणसाहून मोठे. खाली लिहिलेलं, मानसोपचार विभागास भरघोस देणगी देणारे दानशूर. फोटो आणला कुठून, तर त्यांच्या तालुक्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे मागच्या वाढदिवसाचा पडून होता. त्याने तो हौसेने पाठवला होता.

"गुरुजी, उतरवा ते," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की वॉचमनच शिडी घेऊन धावला. गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. पण तोवर त्याच फ्लेक्सवाल्याने फोटो आपल्या स्टेटसला ठेवला होता, आणि दुपारपर्यंत तो माढ्यात पोहोचला.

संध्याकाळी आण्णांचा फोन आला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "म्याडम, तुमी शबूद दिला हुता," एवढंच म्हणाले, आणि पुढे, "आता एक करा. ते पैसं डोळ्याच्या वार्डाला द्या. आन तसा दुसरा बोर्ड लावा. पयला चुकून लागला म्हनून सांगू आमी."

म्हणजे खोली गेली. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खिडकीतून व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे एक म्हातारी डोक्याखाली पिशवी घेऊन आडवी झाली होती.

"द्या डोळ्यांच्या विभागाला," त्या म्हणाल्या. "एका मुलीचं लग्न मोडून मला खोली नको."

मला गुरुजींचा राग आला, त्या फ्लेक्सवाल्याचा आला, माढ्याच्या लोकांचा तर न बघताच आला. नवा बोर्ड लावायचं काम मी मुद्दाम लांबणीवर टाकत होते.

त्याच आठवड्यात समितीच्या खोलीत एक बाई आल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, घामाघूम झालेल्या. म्हणाल्या, "मी माढ्याकडची. त्या केळीवाल्यांची पोरगी आमी बगितलीया, माज्या पोरासाठी." मी सावरून बसले. काय विचारणार ते माहीत होतं. उत्तरही तयार होतं: त्यांच्या घरात कुणी आजारी नाही, तो बोर्ड चुकून लागला. पण हे बोलायचं म्हणजे आजार हा डाग आहे असं मीच कबूल करण्यासारखं होतं, तेही त्या वॉर्डाच्या भिंतीला पाठ लावून.

बाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ती खोली कवा हुईल?"

"कुठली खोली?"

"सोबतच्या बाईला ऱ्हायची. फोटूवर लिवलं हुतं की, मानसोपचार म्हनून. मग मी इचारत आले, तवा वॉचमननं सांगितलं खोलीचं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माजी थोरली लेक घरी हाय, म्याडम. बाळंतपनापास्नं. झोपत न्हाय, बोलत न्हाय, लेकराला घेत न्हाय. हितं आनली हुती मागं. डाक्टरीनबाई लई चांगल्या. पन मला ऱ्हायला जागाच न्हाय, किती दिस भाईर पडनार? नेली परत." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "पोरीकडच्यांना आमी सांगितलेलं न्हाय. तुमी पन सांगू नका."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. नाही सांगणार, असा शब्द दिला.

"मग सोयरीक?" मी विचारलं.

"त्यो फोटू बगून आमचं मालक म्हनले, नको बाई ह्ये घर. मी म्हनलं, ह्येच घर पायजे. ज्यानं तसल्या कामाला पैसं दिलं, त्याची लेक माज्या लेकीला घराभाईर तरी काडनार न्हाय."

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. मग आण्णांना फोन केला. "बोर्डाची घाई करू नका, आण्णा. चार दिवस थांबा." का, ते सांगता येत नव्हतं. एक शब्द आमच्याकडून मोडलेला होता, दुसरा मोडायचा नव्हता. चार दिवसांच्या आतच माढ्याहून होकार आला. आण्णा चक्रावले. "म्याडम, फोटू बगून बी हो म्हनले की वो. कसं काय?" मी म्हणाले, असतात चांगली माणसं. ते त्यांना पटलं नाही, पण डोळ्यांच्या वॉर्डाचा विषय पुन्हा निघाला नाही.

खोली उन्हाळ्याआधी बांधून झाली. गुरुजींनी उभं राहून काम करून घेतलं, नारळ फोडायचीसुद्धा परवानगी मागितली नाही. दाराशी छोटी पाटी, गुप्तदान. मागे दोरी.

लग्नानंतर काही दिवसांनी माढ्याच्या बाई थोरल्या लेकीला घेऊन आल्या. सोबत नवी सून होती, हातात हिरवा चुडा तसाच. सून घरात आल्यावर हे लपणार कसं, तिला सगळं कळलं होतं, आणि ती म्हणाली होती की सोबतीला मीपण राहते. तिसऱ्या दिवशी तिने आईवडिलांना बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा आण्णा खोलीच्या दारात उभे होते, आत जाऊ की नको अशा बेतात.

"तुमाला म्हाईत हुतं, म्याडम?"

"शब्द दिला होता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते. आत सतरंजीवर माढ्याच्या विहीणबाई अवघडून बसल्या होत्या, नजर जमिनीकडे. आपलं लपवलेलं उघडं पडलं म्हणून त्या आता बोलणी खायच्या तयारीत होत्या. वहिनींनी भाकरीचं गाठोडं ओट्यावर ठेवलं, खिडकीतून मागची दोरी पाहिली, भिंतीवरून हात फिरवला. मग विहिणीसमोर, लेकीसमोर, नवऱ्यासमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ही पोटात हुती तवा मी ह्याच वार्डात भरती हुते. माजी आय भाईर लिंबाखाली निजायची. पाऊस आला आन वाकळ भिजली, तवा नेलं मला घरी."

लेक आईकडे बघतच राहिली. आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. वर पंखा फिरत होता, कोरा.

विहीणबाई सतरंजीवर एका बाजूला सरकल्या.

"या," त्या म्हणाल्या. "लांबनं आलायसा. जरा हितं पडा."