तीन ठोक्यांची चाल

लेकीने पुण्याहून मोबाईलवर एक अल्बम पाठवला. "आई, ऐक. नाचायला मस्त आहे." वॉल्ट्झ या युरोपातल्या जुन्या नाचाची व्हायोलिनं, त्याखाली फंक या अमेरिकन संगीतातला उड्या मारणारा बास गिटार आणि वरून क्लबात वाजतात तसे ठोके. मी मेथी निवडताना थोडा ऐकला आणि ठेवून दिला. जळगावच्या आमच्या घरात नाचणार कोण? नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. डावा पाय ओढत हॉलमध्ये चार-दोन फेऱ्या मारल्या की दमायचे.

तरी त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, धुळ्याला पुतण्याच्या वरातीत मी बँडपुढे नाचणार. मला उठता-बसता एकच दिसायचं: डांबरी रस्ता, गर्दी, फटाक्यांची माळ आणि हे आडवे. खुब्याचं हाड मोडलं की माणसाचं काय होतं ते मी शेजारच्या घरात पाहिलं होतं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी गाण्यावर चालायला सांगितलं होतं. आम्ही बँडवाल्यांची गाणी लावायचो. हे पुढे, मी मागून कमरेचा पट्टा धरून. जोराचा ठोका पडला की ते उजव्या, चांगल्या पायावर दणकन उतरायचे. डावा नुसता टेकायचा.

एकदा बोट चुकलं आणि लेकीचा अल्बम लागला. ते अडखळले. मी पट्टा आवळला.

"थांबा, बंद करते."

"राहू दे."

राहू दिलं, म्हणून लक्षात आलं. बँडच्या गाण्यात चार ठोके. जोराचा ठोका दर वेळी उजव्याच पायावर यायचा. इथे तीनच. एकदा उजव्यावर, पुढच्या खेपेला डाव्यावर. डाव्याची सुटका नव्हती.

अल्बममधली अर्धी गाणी आमच्या उपयोगाची नव्हती, त्यावर पळावं लागलं असतं. तिसरं गाणं बेताच्या वेगाचं. सुरुवातीला नुसता बास, तेवढ्यात ते तोल सावरायचे, मग व्हायोलिनं आली की निघायचे. मी मोठ्याने मोजायचे, "एक-दोन-तीन." टीपॉय गॅलरीत गेला, सतरंजी माळ्यावर. डाव्या पायावर भार यायला लागला तशी माझी धास्ती वाढली. आधी तो पाय काही धरतच नव्हता, आता धरून ऐन वेळी सोडू शकत होता.

धुळ्याला जाताना गाडीत तेच गाणं वाजत होतं. पारोळ्याला चहासाठी थांबलो. मी चहा बाजूला ठेवून पट्ट्याची बक्कल तपासली.

वरात निघाली आणि हे घोड्यापुढे गेले. मागोमाग मी, पट्टा धरून.

"वहिनी, सोडा ना भाऊले. पळी जातीन का?" चुलत नणंद ओरडली. बायका हसल्या. मी पट्टा सोडला नाही.

बँड चारात वाजवत होता. यांचा उजवा पाय दणकन पडला, डावा फरफटला, खांदा कलला. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "एक-दोन-तीन! एक-दोन-तीन!" पुढचा जोर डाव्या पायावर आला. पाय थरथरला, पण टिकला. सगळा बँड एकीकडे आणि आम्ही दोघं भलतीकडे.

"काय भाऊ, बठ्ठासना नाच येगळा नि तुमना येगळा शे!" सगळ्यांहून वेगळा नाच बघून गर्दीतल्या कुणीतरी टोमणा मारला.

"मना फॉरेनना शे!" घामाघूम झालेले हे ओरडले.

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नाचले. मग मी खुर्ची मागवली आणि बसवलं. मुठीवर पट्ट्याचा वळ उमटला होता.

आता ते रोज सकाळी एकटेच फिरायला जातात. मी बरोबर आलेली चालत नाही. कानात तिसरं गाणं. मागून येणाऱ्या मोटरसायकलचा हॉर्न त्यांना ऐकू जाणार नाही, ही माझी नवी काळजी. भांडून एवढं कबूल करून घेतलं आहे की गाणं फक्त डाव्या कानात, उजवा कान रस्त्यासाठी मोकळा. ते फाटकातून बाहेर पडताना तो कान मी रोज तपासते.