'सून' म्हणजे आत्ताच्या आत्ता

या गोष्टीला महिना होत आला. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात सुमनताईंच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई तुमचंच नाव घेऊन राह्यली... लवकर या." तवा उतरवला अन् तशीच निघाले. वाटभर एकच धास्ती, मी पोहोचेपर्यंत ताई थांबतील ना?

सिंदी रेल्वेच्या शाळेत ताई इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. त्यांच्या इंग्रजी धड्यात 'soon', म्हणजे 'सून', शब्द आला की पोरी ओढणीआड फिदीफिदी हसायच्या, कोणाची सून म्हणून! ताई पोटभर हसू द्यायच्या. मग सांगायच्या, "इंग्रजांच्या पुराण्या बोलीत याचा अर्थ होता 'आत्ताच्या आत्ता'. पण लोकं 'आत्ता येतो' म्हणत अन् बसून राहत. असं करता करता त्याचा अर्थ 'थोड्या वेळानं' होऊन बसला. शब्द नाई बिघडला पोरीहो, माणसं सुस्त झाली."

"मग तुमच्या घरी कोणता अर्थ चालते?" मी एकदा छेडलं.

"माह्या घरी जुनाच."

अन् ते खरंच होतं बाई! घरात शिरताना त्या चपला काढायच्या अन् वाकून रस्त्याकडे तोंड करून ठेवायच्या. कोणी हाक मारली की पाय घालायचे अन् निघायचं. "काऊन वो ताई, घरात पाय टिकत नाई का?" म्हणून मी किती चिडवलं असेल.

मग एकदा जाम गावच्या चौकात ट्रकनं माझ्या नवऱ्याची मोटारसायकल उडवली. दवाखान्यात मी एकटी. बूथवरून शाळेत फोन लावला, काय बोलले देव जाणे. पलीकडून एवढंच आलं, "निघाली मी." संत्र्यांच्या टेम्पोत बसून आल्या. मुठीत खडू तसाच होता. ऑपरेशन संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. नवरा वाचला. पण त्या दिवशी मला ताईंनी वाचवलं, हे मी कधी विसरणार नाही.

...त्या फोननंतर मी पोहोचले तेव्हा ताईंचे डोळे मिटलेले होते. त्यांचा हात हातात घेतला. माझ्या बोटांवरचं वाळलेलं पीठ लागलं तसे डोळे उघडले. पिठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हात धुवाले तरी थांबली असती वं..." म्हणाल्या, अन् हसल्या. संध्याकाळी गेल्या.

परवा त्यांच्या घरी गेले. दारात चपला तशाच, रस्त्याकडे तोंड करून. "मावशी, आत घेऊ का आता?" मुलीनं विचारलं.

"राहू दे," म्हटलं. शेजारी माझ्या चपला काढल्या, अन् वाकून त्यांचं तोंड रस्त्याकडे केलं.