देवापुढचं हँडल

दुसरी मोठी लढाई संपली आणि बेळगावात लष्कराच्या मोडक्या गाड्या भंगारात निघाल्या. त्यातल्या दोन गाड्यांचे तुकडे आणून मी गुंजीजवळच्या आमच्या गोठ्यात एक गाडी जुळवली. शेतातनं सवड मिळेल तसा वर्षभर खपलो. आमच्या वाटेच्या चिखलात बैलगाडी रुतायची, तिथनं ही जाणार होती.

गाव हसायचं. "लोखंडाची म्हैस कधी विणार रं?" म्हणायचं. म्हणून खंडेनवमीला मी मुद्दाम तिचं फिरवून सुरू करायचं हँडल देव्हाऱ्यापुढं कोयत्या-कुऱ्हाडीशेजारी पूजेला मांडलं. तिलाही मान मिळावा, एवढंच.

त्याच दुपारी बाळंतपणाला आलेल्या आक्काला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, खानापूरला दवाखान्यात न्या. मी देव्हाऱ्याकडं धावलो, हँडलापाशी वाकलो. माझे वडील, आप्पा, मागं दारात उभे होते.

"पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्यालाच उचलायचं."

"आप्पा, हँडलाशिवाय गाडी सुरू होत न्हाय."

"मग बाजेवरनं न्या. आजवर बायका काय तुझ्या मोटारीतनं गेल्या व्हय?"

चौघांनी बाज उचलली. चिखल तुडवत पोचायला रात्र झाली. आक्का वाचली, मूल गेलं.

पुढं गाडी लई चालली. हसणारेच वऱ्हाडासाठी मागायला यायचे. आक्का मात्र तिच्यात कधी बसली न्हाय. आप्पांनी अडवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. एकदा तीच म्हणाली, "आप्पा दारात होते. हँडल तुझ्या हाताजवळ होतं."

देवाला भ्यालो, असंही म्हणता येईना. मी देव मानत न्हाय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.