पोस्टमनचं पथ्य

आमच्या गुंद गावचा पोस्टमन टपाल देण्याआधी विचारतो, "गुरुजी, आज काय जेवलासा?" साखरेच्या आजारानं थोरला भाऊ गेल्यापासून तो मोबाइलवर आहाराचे सल्ले ऐकतो. एकानं भाताला विष म्हटलं, म्हणून भात सुटला. दुसऱ्यानं खोबरं बंद करायला लावलं, तिसऱ्यानं रानातले कंद. "मग हाय काय खायाला?" असं म्हणून तो स्वतःच हसतो. त्याच्या खांद्यांची हाडं शर्टातून दिसू लागली, तेव्हा मला भीती वाटायला लागली.

परवा घेरी येऊन तो आमच्या पायरीवर बसला. सकाळपासून नुसता काढा प्यायला होता. बायकोनं पेज आणि कंदाची भाजी पुढं ठेवली.

"थोडं खावा, पण वेळेवर खावा. डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच न्हाई, वैनी," तो हळूच म्हणाला. "साखर निघाली तर?"

त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि घोट घोट पेज संपवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "गुरुजी, उद्या जोयड्याच्या दवाखान्यात साखर तपासायला माझ्यासंगं याल?"

"येतो," मी म्हणालो. मीही आजवर कधी तपासून घेतलेलं नाही, हे मात्र त्याला सांगितलं नाही.